मंजूर म्हणणारा

“विषय एकवीस,” अध्यक्ष म्हणाले.

“मंजूर,” मागून आवाज आला.

सचिवांनी मान वर न करता ‘सर्वानुमते’ असं लिहिलं. एकवीस विषय उरकायला चौदा मिनिटं लागली होती, त्यातली चार पंख्याचं बटण शोधण्यात गेली होती. नगरपालिकेची सभा चांगली रंगात आली होती. म्हणजे पहिल्या रांगेतले मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते, दुसऱ्या रांगेतले डुलक्या घेत होते आणि विरोधी पक्षनेते दातात अडकलेलं काहीतरी बोटाने काढत होते.

‘मंजूर’ म्हणणारे होते शिपाई मामा. दाराजवळ चहाचा ट्रे घेऊन ते उभे असत. विषय संपल्याशिवाय चहा द्यायचा नाही, असा तिथला नियम होता. अकरा वर्षांपूर्वी एका विषयावर तेव्हाचे अध्यक्ष ताटकळत बसले, कोणी तोंड उघडेना आणि चहा निवत चालला. मामा वैतागून पुटपुटले, “मंजूर.” सचिवांनी ते लिहून घेतलं. पुढच्या विषयालाही तेच झालं, त्याच्या पुढच्यालाही. निवडणुका आल्या आणि गेल्या, माणसं बदलली, आवाज तोच राहिला. शहरातला पूल, पाणीपट्टी, दोन बागा आणि एक पुतळा असं सगळं मामांच्या तोंडून मंजूर झालं होतं. याचा कोणाला पत्ता नाही, अशी त्यांची खात्री होती. पुढच्यांना वाटत असणार मागचे म्हणतात, मागच्यांना वाटत असणार पुढचे.

आज मात्र मामांचं चहाकडे लक्ष नव्हतं. विषय तेवीस होता, नगरपालिकेच्या भिंतीला लागून असलेली टपरी हटवून नगरसेवकांच्या गाड्यांसाठी जागा करण्याचा. ती टपरी मामांच्या थोरल्या बहिणीची. ताई तिथे सव्वीस वर्षं लोकांचे उसवलेले, फाटलेले कपडे दुरुस्त करत होती. नवरा गेल्यावर तिने त्या एका शिलाई मशीनवर घर चालवलं आणि धाकट्या भावाचं शिक्षणही केलं. निम्म्या नगरसेवकांच्या पँटी तिच्याच टाक्यांवर तग धरून होत्या.

मामा आठवडाभर एकेकाला गाठून विनवत होते. प्रत्येकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की मी तुमच्याच बाजूचा आहे, पण सभेत बाकीचे काय म्हणतील ते माझ्या हातात नाही. मामांनी हे सतरा नगरसेवकांकडून सतरा वेळा ऐकलं आणि सतरा वेळा मान डोलावली. आज सकाळी ताईने मशीनला तेल घातलं नाही. आता कशाला, म्हणाली.

“विषय बावीस.”

“मंजूर.”

“विषय तेवीस.”

मामांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

मोबाइलवरचे अंगठे थांबले. डुलक्या घेणारे जागे झाले, कारण त्यांना आवाजात झोप यायची आणि शांततेत जाग. विरोधी पक्षनेत्यांनी तोंडातून बोट काढलं. अध्यक्षांनी आकडा पुन्हा म्हटला, या वेळी जरा मोठ्याने. सगळे एकमेकांकडे बघू लागले. एक शब्द तर म्हणायचा होता, पण ती सवयच कोणाला राहिली नव्हती, आणि म्हणायचा तोही मामांच्या देखत. कोपऱ्यात पेंगणारा वार्ताहर सरसावून बसला आणि त्याने पेनाचं टोपण काढलं.

अध्यक्ष अवघडले. मग दाराकडे बघून अगदी घरच्यासारखं म्हणाले, “मामा, अहो आज काय झालं तुम्हाला? म्हणा की.”

मामा हबकले. म्हणजे यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. जो तो निवडून येई आणि आपलं तोंड मामांकडे सांभाळायला देऊन मोकळा होई. आणि हेच लोक आठवडाभर त्यांना सांगत होते, की बाकीचे काय म्हणतील ते सांगता येत नाही. मामांना आधी रडू आलं, मग राग आला.

“मी कसं म्हणू, साहेब?” ते म्हणाले. “मी कुठे सभासद आहे?”

सचिवांचं पेन थांबलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली. पूल, पाणीपट्टी, पुतळा, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून एका झटक्यात गेलं असावं, कारण ते लगबगीने उठून अध्यक्षांच्या कानाशी लागले. ऐकता ऐकता अध्यक्षांचा चेहरा उतरला. तिकडे वार्ताहर शेजाऱ्याला विचारू लागला, की ‘आज’ काय झालं म्हणजे काय, रोज काय होतं?

“विषय तेवीस मागे घेतला,” अध्यक्ष घाईघाईने म्हणाले. “कायमचा.”

कोणीतरी बाक वाजवला. मग सगळ्यांनीच वाजवला. प्रत्येकाला म्हणे पहिल्यापासून हेच हवं होतं. मामांचे डोळे भरून आले. धावत जाऊन ताईला सांगावं असं त्यांना फार वाटलं, पण सभा अजून संपली नव्हती.

उपाध्यक्षांनी वार्ताहराच्या गळ्यात हात टाकून त्याला बाहेर नेलं. मग अध्यक्षांनी कपाळ पुसलं आणि पुढचा कागद घेतला. तो विषय नगरसेवकांच्या अभ्यासदौऱ्याचा होता. समुद्रकिनारी आठ दिवस राहून सगळे सांडपाण्याचा अभ्यास करणार होते. बऱ्याच जणांच्या बॅगा भरून तयार होत्या.

“विषय चोवीस,” अध्यक्ष हळूच म्हणाले, आणि उरलेल्या सोळाही माना दाराकडे वळल्या.

मामांनी ट्रे खाली ठेवला.

“आधी वाचून दाखवा,” ते म्हणाले.