मानपत्र

कम्युनिस्ट राजवटीत चोरून छापल्या जाणाऱ्या पत्रकात वितोल्ड कार्च चार वर्षं एकच गोष्ट लिहीत राहिला: सरकारने कारखाने चालवू नयेत, विकून मोकळं व्हावं. त्यापायी त्याने दीड वर्ष तुरुंग भोगला आणि तो आत असतानाच त्याची बायको बोझेना न्यूमोनियाने गेली. पुढे राजवट पडली, कारखानेही विकले गेले. आता साठी उलटलेल्या वितोल्डचा राडोम शहरात ‘मुक्त बाजाराचा निर्भीड पत्रकार’ म्हणून सत्कार होत होता, आणि मानपत्र द्यायला चामड्याच्या कारखान्याचा मालक व्यासपीठावर आला होता.

मालक जवळ आला तसा वितोल्डने त्याला ओळखलं. तुरुंगात चौकशीच्या खोलीत रोज समोर बसणारा, बोझेनाच्या अंत्यविधीला जायची परवानगी नाकारणारा माणूस हाच होता.

“तुम्ही गुप्त पोलिसांचे मेजर स्कोवरोन,” तो हलक्या आवाजात म्हणाला.

“होतो,” मालक हसला. “जरा फोटोकडे बघा.”

“आणि हा कारखाना तुम्हाला कसा मिळाला?”

“तुमचीच कृपा, कार्चसाहेब.” मानपत्र त्याच्या हातात देत मालक पुढे म्हणाला,



“लोक तुमचं पत्रक वाचायचे आणि भीतीने जाळून टाकायचे. मला मात्र तुमचा प्रत्येक लेख नीट वाचून वरिष्ठांना अहवाल पाठवावा लागायचा. त्यामुळे कारखाने विक्रीला निघाले तेव्हा काय करायचं, हे अख्ख्या राडोममध्ये मला एकट्यालाच कळत होतं.”