गोणपाटातून आलेला वेल

धरणाकाठच्या बागेत वाइनच्या द्राक्षांची छाटणी उरकून शालनने बांधावरचा द्राक्षाचा जुना वेलही छाटून टाकला. माहेरी सवयच होती तशी, एकही वेल सोडायचा नाही.

"अगं, काय केलंस हे!" बागेत कामाला असलेली हौसाकाकू पाटी टाकून धावत आली. "जुनं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा तुझ्या आजेसासूने ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेला वेल हा. इथे आल्यापासून कुणी कात्री लावली नाही याला!"

सासरे आले. बोडक्या वेलाकडे बघत राहिले आणि खाली पडलेल्या काड्या उचलून घेऊन निघून गेले. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं नव्या सुनेला झालं. तेव्हापासून तिला घास गोड लागेना. उजाडताच वेलापाशी जायचं आणि कोरड्या काड्या बघून परतायचं. पुढे फूट दिसू लागली तरी तिची धास्ती जाईना.

आज मात्र सासरे तिच्या आधीच तिथे उभे होते. काड्यांवरची पोपटी फूट चांगली वाढली होती, आणि पानांआडून मोहरीएवढ्या मण्यांचे घड डोकावत होते. इतकी वर्षं नुसता पाला देणाऱ्या वेलाला घड! शालनचा जीव भांड्यात पडला.

"तिकडे आई दर दसऱ्यानंतर छाटायची याला," पाण्याकडे बघत सासरे म्हणाले. "लगडायचा नुसता. पण एवढं सगळं बुडवून आलो, मग याची काडी तोडायला तिचाही हात धजावला नाही. मग आम्हीही तीच रीत धरून बसलो."

त्यांनी कात्री तिच्या हातात दिली.

"आता दरवर्षी तूच छाट."