जपणूक

"उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील," म्हणत आई ताईला सुट्टीतल्या दुपारी घरातच डांबून ठेवायची. शाळेत जाताना तिच्या तोंडाला क्रीम फासायची, वर रुमाल बांधायची. ताईला पोहणं कधी आलंच नाही. धाकटा भाऊ मात्र दिवसभर उघडाबंब तलावावर पडलेला असायचा. एकदा त्यानेही क्रीम मागितलं, तर आई हसून म्हणाली, "तुला कोण बघायला येणार आहे?"

तो पुढे पोहण्याचा प्रशिक्षक झाला. वीस वर्षं तलावाच्या काठावर रणरणत्या उन्हात उभा राहिला. चाळिशीत कानावरचा एक डाग चिघळला, तपासणीत त्वचेचा कॅन्सर निघाला आणि अर्धा कान कापावा लागला.

पट्टी बदलताना डॉक्टरांनी त्याला विचारलं, "उन्हापासून जपायला हवं, हे घरात कुणी कधी सांगितलं नाही का?"

त्याने ताईशेजारी बसलेल्या आईकडे पाहिलं. ताई खिडकीबाहेर बघत राहिली.

शेवटी आईच हळू आवाजात म्हणाली, "सांगायचे ना, डॉक्टर. रोज सांगायचे. पण मुलीला."