कोटीत एक

एका ठिपक्यामुळे एकीची कायमची नोकरी गेली. पण हे घडलं शुक्रवारी सकाळी अकराला, आणि आत्ता गुरुवार आहे, संध्याकाळचे पाच. तेव्हा काहीच झालेलं नाही असं धरून चालू.

वहिनी इनक्युबेटरसमोर उभी होती. हातात प्लेट, प्लेटमध्ये तो ठिपका. टाचणीच्या डोक्याएवढा, पांढरा, अगदी निरागस.

पाणी तपासणाऱ्या खात्याने दोघींना या अभ्यासक्रमाला पाठवलं होतं, तिला आणि तिच्या मोठ्या नणंदेला. नव्या विभागात कायम जागा एकच होती. शेवटच्या परीक्षेत जी उत्तीर्ण होईल ती कायम, दुसरी पुन्हा बाटल्या धुवायला. नवऱ्याला, म्हणजे एकीच्या भावाला, तू कुणाच्या बाजूने असं विचारलं, तर तो तीन आठवडे न गळणारा नळ दुरुस्त करत बसला.

परीक्षा सोपी वाटावी अशी होती. जिवाणूत बसवायचा जनुकाचा एक भाग स्वतः रचायचा. साखर आहे तोवर त्या भागातलं विष झाकलेलं, साखर संपली की झाकण उघडून जिवाणू मेला पाहिजे, म्हणजे चुकून बाहेर सांडला तरी जगायला नको. साखरेच्या प्लेटमध्ये दोघींचे जिवाणू मजेत होते. निकाल बिनसाखरेच्या प्लेटवर लागणार होता. तिथे एक जिवाणू जरी वाचला, तरी वाढून त्याचा ठिपका होतो, आणि वहिनीच्या प्लेटमध्ये तो झाला होता.

भागाच्या शेवटी प्रत्येकीने स्वतःची खूण टाकायची होती, कुणाचा जिवाणू ते कळावं म्हणून. वन्संनी नोकरीचा क्रमांक टाकला. वहिनीने डीएनएच्या चार अक्षरांत महत्प्रयासाने माहेरचं आडनाव बसवलं. सासरी ते एवढ्या एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं.

सर शिकवताना एकदा म्हणाले होते, "कायदा कितीही कडक करा, कोटीत एखादा पळवाट काढतोच." सगळे हसले. वहिनीही हसली, आणि वहीत उतरवून घेतलं नाही.

तिने वन्संची बिनसाखरेची प्लेट उजेडात धरली. कोरी. वन्संचं सगळंच तसं. गेली तीन वर्षं वहिनीने घातलेली प्रत्येक घडी त्यांनी उलगडून पुन्हा घातली होती. आता त्यांचे जिवाणूसुद्धा सांगितल्या वेळी, सांगितल्या जागी, एकजात मेले होते.

वहिनीने निर्जंतुक काडी घेतली. आपला ठिपका टोकावर उचलला आणि वन्संच्या प्लेटमध्ये मधोमध टेकवला. रात्रभरात तो चांगला बाळसं धरणार होता. मग कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून तिने आपल्या प्लेटमधली ती जागा टिपून काढली आणि दोन्ही प्लेटा आत ठेवल्या.

"काय करतेस गं?"

वन्सं दारात होत्या. खांद्यावर दोघींच्या पिशव्या.

"तुमची प्लेट सरळ ठेवतेय. वाकडी होती."

"माझी? वाकडी?" वन्सं जवळ आल्या, इनक्युबेटरमध्ये डोकावल्या आणि ती प्लेट आणखी एक सूत सरकवली. वहिनीने काडी बाहीत लपवली होती. ती कोपराला टोचत होती.

"चल," वन्सं म्हणाल्या. "घाबरतेस काय अशी? होशील गं पास."

घरी वन्संनी तिच्या ताटात आधी वाढलं. पण परत जाऊन ठिपका काढून टाकावा असं काही तिला वाटलं नाही.

शुक्रवारी सरांनी आधी वहिनीची प्लेट घेतली. चष्मा वर करून पाहिली, खाली करून पाहिली. मग वन्संची. तिथे ठिपका गोल गरगरीत बसला होता. वन्संचा चेहरा पांढराफटक पडला. वहिनीने चेहऱ्यावर हळहळ आणली. ती तिने सकाळी आरशासमोर बसवून ठेवली होती.

सर वहिनीकडे वळले.

"दहा कोटी जिवाणू पेरलेत. त्यातल्या एकाचंही झाकण बिघडलं नाही? असं होत नसतं, बाई. कोरी प्लेट म्हणजे एकतर पेरलीच नाही, नाहीतर पुसली." त्यांनी वन्संची प्लेट उंच धरली. "हे खरं काम. आणि हा ठिपका न लपवता समोर ठेवला, ते त्याहून खरं."

बाहेर आल्यावर वन्संनी तिचा हात धरला.

"कुणाला बोलू नकोस," त्या कुजबुजल्या. "त्या प्लेटमध्ये जिवाणू टाकायलाच मी विसरले होते गं. काल अंथरुणावर पडल्यावर आठवलं. हा आला कुठून, देव जाणे."

दुपारी वहिनीने कोरा कागद घेतला.

"मा. प्रशिक्षण प्रमुख यांस. विषय: ठिपका परत मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, माझ्या नणंदेच्या प्लेटमधील ठिपका माझा असून गुरुवारी सायंकाळी काही घरगुती कारणास्तव तो तिकडे गेला होता. तपासणी केल्यास त्यात माझे माहेरचे आडनाव आढळेल. तरी सदर ठिपका गुणांसह माझ्या प्लेटमध्ये वर्ग करण्यात यावा, आणि ही बाब घरी कळवू नये, ही नम्र विनंती."