चौदावी सुई

नितीनने लुंगी मांडीपर्यंत वर घेतली, डाव्या गुडघ्याच्या वाटीशेजारी दोन बोटांनी चाचपलं आणि स्पिरिटचा बोळा फिरवला. माधुरीने नेहमीसारखं स्टोव्हकडे तोंड केलं. नवऱ्याला सुई टोचून घेताना तिला बघवत नसे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजची फुली मात्र तीच मारायची. आजची चौदावी.

केडगावातल्या त्या दीड खोलीत फ्रिज कुठला? बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवलेली असायची. तिच्यावर नाव नव्हतं, नुसता एक नंबर, आणि आत चिमूटभर पांढरी भुकटी. त्यात इंजेक्शनचं पाणी सोडायचं, बाटली तळहातावर घोळवायची, पण हलवायची नाही, हे सगळं गोरक्षनाथने शिकवलं होतं. गोरक्षनाथ म्हणजे माधुरीचा धाकटा भाऊ. पुण्यात औषधाच्या कंपनीत होता, म्हणून घरात त्याचा शब्द डॉक्टरच्या वरचा. खरं तर तो तिथे सशांचे पिंजरे धुवायचा आणि त्यांना लसूणघास टाकायचा. पण दाजींचा गुडघा सुजलेला बघून त्याचा जीव कळवळला, आणि जेवणाच्या डब्यातून बाटल्या येऊ लागल्या. डोसही त्यानेच ठरवला. ससा दोन किलोचा, दाजी बहात्तर किलोचे. नीट गुणाकार केला तर रोज अख्खं खोकं लागलं असतं, म्हणून मग अंदाजे. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. अक्कल असते हो, पण तिला त्या वेळी कोणी विचारत नाही.

नितीनची गरज साधी होती. सुप्याच्या कारखान्याने त्याला कबड्डीसाठी घेतलं होतं, यंत्र चालवण्यासाठी नव्हे. दोन वर्षांपूर्वी चढाईत त्याचा घोटा धरला गेला, गुडघा पिळवटला आणि तेव्हापासून कायम नोकरीचं पत्र साहेबांच्या टेबलातच राहिलं. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेत खेळलास तर पत्र, नाहीतर रामराम, असं साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन आणि सहा महिने विश्रांती सांगितली होती. सहा महिने झोपून राहणारा चढाईपटू कोण पोसतो?

आणि औषध लागू पडलं होतं! सूज उतरली होती. परवा त्याने मागच्या बोळात एकट्यानेच दम घेऊन चढाई केली, भिंतीला हात लावून परत आला, आणि त्याला चक्क रडू आलं. शेजारच्या झुंबरबाईंना वाटलं, घरात काही वाईट झालं.

आज रविवार. गोरक्षनाथ सकाळच्या एस.टी.ने शेवटच्या दोन बाटल्या घेऊन आला होता आणि खाटेवर बसून बशीतला चहा फुंकत होता.

"सांगितलं हुतं का न्हाई, दाजी?" तो म्हणाला. "पाय वढत चालनारं ससं आठव्या दिवशी उड्या मारतंय. मी सवता बगितलंय."

"मानलं तुला, गोरख," नितीन म्हणाला. त्याने सिरिंज भरून उजेडाकडे धरली, टिचकी मारून बुडबुडा वर आणला. त्याला आज फार बरं वाटत होतं, आणि बरं वाटलं की माणूस पुढचं विचारतो. "एक सांग. बाटल्या संपल्या, की मग? त्या सशांचं पाय तसंच ऱ्हात्यात ना? स्पर्धेला अजून महिना हाय."

गोरक्षनाथने बशी खाली ठेवली.

"ते कसं कळायचं, दाजी?"

"म्हंजे?"

"पंदराव्या दिवशी मारत्यात की त्यास्नी. त्रास न्हाई देत, झोपंचं इंजेक्शन देत्यात. मग गुडगा कापून काचंखाली बघत्यात, आतनं कसं जुळलंय ते. लई भारी जुळलेलं असतं म्हनत्यात साहेब."

"सगळ्यास्नी?"

"सगळ्यास्नी. दर खेपंला नवं ससं येत्यात."

तो हे अगदी सरळपणे सांगत होता. घास किती लागतो, पिंजरे कधी धुतात, तसंच हेही. त्याला कोणी आजवर विचारलं नव्हतं, म्हणून त्याने सांगितलं नव्हतं.

माधुरी वळली. चौदा दिवसांत पहिल्यांदाच तिने त्या सुईकडे नीट पाहिलं. मग कॅलेंडरकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता. आपन दुसरं कायतरी बघू."

"काय बघू?" नितीनने विचारलं. आवाज चढवला नाही. दुसरं काही नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि तरी विचारल्याचा त्याला राग आला, स्वतःचाच.

त्याने सुई वाटीशेजारी टेकवली. मग मेव्हण्याकडे बघून हसला. ते हसू काही बरं नव्हतं.

"गोरख, तुज्या साहेबास्नी सांग. पंदराव्या दिवसाच्या फुडं काय हुतंय, ते केडगावचा एक ससा कळवील म्हनावं."

गोरक्षनाथचा चेहरा पांढराफटक पडला. तो खाटेवरून उठलाच.

"न्हाई, दाजी! मस्करीत बी असलं बोलू नगा कुटं. चोरून आनल्यात मी. माजी नोकरी जाईल!"

नितीनने सुई आत टोचली आणि अंगठा सिरिंजच्या दट्ट्यावर ठेवला.

"व्हय," तो म्हणाला. "नोकरी जाता कामा न्हाई."

आणि त्याने दट्ट्या दाबला.