दोघींचे रिपोर्ट

ताईला स्किझोफ्रेनिया झाला तेव्हा मी नववीत होते आणि त्या दिवसापासून आई फक्त तिची झाली. रोज सकाळी तिच्यासमोर बसून गोळी द्यायची आणि म्हणायची, "आ कर. आता जीभ वर." गोळी गिळलेली दिसली की तिच्या गालावरून हात फिरवायची. माझ्या गालाला हात लावायला तिला कधी सवडच झाली नाही. चाळिशी आली तरी माझा जळफळाट त्या गालावरच अडकलेला.

परवा आमच्या रक्ततपासणीचे रिपोर्ट आले. डॉक्टर म्हणाल्या, ताईच्या एका गुणसूत्राचा बारीकसा तुकडाच नाहीये, हजारोंत एखाद्याचं असं असतं. मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्यातही तोच तुकडा नाही. त्याने धोका वाढतो, पण आजार होतोच असं नाही."

आई ताईशेजारची खुर्ची सोडून माझ्याजवळ आली. माझा गाल हातात धरून म्हणाली, "तुला आवाजबिवाज नाही ना येत, बाळा?" खोटं कशाला बोलू, मला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. मी ऐटीत ताईकडे पाहिलं.

ती दोन्ही रिपोर्ट मांडीवर शेजारी शेजारी ठेवून, ओळीवर बोट फिरवत वाचत होती. दोनदा वाचून झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं, अगदी मी आजवर तिच्याकडे बघत आले तसंच.

"सगळं सारखंच आहे गं," ती म्हणाली. "मग तू कशी सुटलीस?"