कोरडा दात

टीनाच्या तोंडातला कापूस पुन्हा भिजला. डॉक्टरीणबाईनं तो चिमट्यानं ओढून काढला.

"सरकलं," ती म्हणाली. "थुंकी लागली की तार धरणारं हे ब्रॅकेट दातावर जागेवर राहत नाही. राहिलं तर वाकडं राहतं. मागच्या वेळेस तेच झालं, म्हणून तर हा सुळा उलटा फिरला."

तुमसरचा तो दवाखाना म्हणजे एकच खोली. खुर्चीसमोर बाकडं. बाकड्यावर सासू सुशीलाबाई आणि तिच्या पलीकडे सासरे यादोराव, गुडघ्याला पट्टा, पाय लांब केलेला. टीनाचा पदर खुर्चीतही उतरला नव्हता. सासऱ्याच्या बाजूनं तिनं तो गालावर ओढून मुठीत धरला होता, आणि तोंड उघडलं होतं ते जेमतेम घास जाईल एवढं. गाल दाताला चिकटून. तिथं कापूस काय करील?

डॉक्टरीणबाईनं प्लॅस्टिकची कडी उचलली. "ही लावते. ओठ, गाल सगळं मागं राहतं. दात मोकळा आणि कोरडा."

टीनानं मान हलवली. त्या कडीनं तोंड कसं होतं ते तिनं आधीच्या पोरीचं पाहिलं होतं. हिरड्यांसकट सगळी बत्तीशी बाहेर.

"काहून व?" सुशीलाबाईनं विचारलं.

टीनानं फक्त डोळे बाकड्याच्या टोकाकडे नेले. मग म्हणाली, "कापूसच लावा मॅडम. मी हलत नाही."

"लावते. पण हे शेवटचं. परत परत घासून मला दात खराब करायचा नाही. नाही बसलं तर सुळा आहे तसा राहील. पुढे आलेला तो आलेलाच."

सुशीलाबाईनं ओठ आवळले. गावातल्या बाया सुनेला दाताळी म्हणतात, ते तिच्या कानावर होतं. सुनेला इथं तिनंच आणलं. मामाजीसमोर, म्हणजे सासऱ्यासमोर, तोंड झाकायचं, हेही तिनंच शिकवलं. दोन्ही हुकूम तिचेच, आणि दोन्हींना मिळून खुर्ची एक.

नवा कापूस बसला. औषध लागलं, धुतलं, हवा मारली. दात खडूसारखा पांढरा झाला. ब्रॅकेट चिमट्यात धरून डॉक्टरीणबाई वाकली.

"झालं का जी?" यादोराव म्हणाले. "बपेऱ्याची गाडी निघून जाईन."

टीनाची पदरावरची मूठ आवळली आणि तोंड खटकन मिटलं. उघडलं तेव्हा ब्रॅकेट जिभेवर होतं.

डॉक्टरीणबाई हातमोजे काढू लागली.

"घाला ते हातात," सुशीलाबाई उठली. "थे प्लॅस्टिक लावा."

"काकू, मी सांगितलं होतं..."

"सांगतलं. आयकलं. आता मी सांगतो, लावा. एक डाव."

तिनं सुनेच्या मुठीतून पदर सोडवला आणि कमरेला खोचून दिला. कडी बसली. टीनाचे डोळे पाण्यानं भरले, पण दात उघडा पडला. पुन्हा औषध, पुन्हा हवा. दात पुन्हा पांढरा झाला आणि टीनाचा हात पुन्हा पदर शोधू लागला.

ते पाहून यादोराव बाकड्याला धरून उठू लागले. "मी बाहीर जातो."

"बसा! तुमी उठेपर्यंत दात ओला होईन. खांद्यावरचा दुपट्टा घ्या तोंडावर."

"मी?"

"मंग काय डॉक्टरीणबाई घेईन? कोणी तरी झाकाचंच आहे. आज तुमी झाका."

यादोरावांनी एकदा बायकोकडे पाहिलं. मग दुपट्टा डोक्यावरून घेऊन हनुवटीपर्यंत ओढला आणि नव्या नवरीसारखे मान खाली घालून बसले.

टीनाचा हात खाली आला.

ब्रॅकेट दातावर टेकलं. डॉक्टरीणबाईनं ते केसभर वर सरकवलं, सरळ केलं, निळा दिवा लावला. श्वास घेतला की दुपट्टा यादोरावांच्या तोंडात जायचा, सोडला की फुगायचा. टीनाला ते दिसत होतं. तिचं पोट हलायला लागलं.

"हसू नका! अजून पक्कं नाही झालं."

सुशीलाबाईनं सुनेची हनुवटी दोन्ही हातांनी धरली.

"आता नाही व बाई," ती हळूच म्हणाली. "घरी गेल्यावर काढजो जेवढे दात काढाचे तेवढे. या मामाजीच्या समोरच काढजो."